वार्तोयोची पुडी

कालिदुरेनच्या वस्तीत वार्तोयोबद्दल एक वाक्य ठरून गेलेले होते. टपरीवाली यू तुमिनाह ते वाक्य तेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनचे काप, तळता तळता ऐकवी आणि ऐकणारे दर वेळी नव्याने हसत. "कांग वार्तोकडे वस्तू टाका, उद्या संध्याकाळी परत. शब्द टाका, तो मात्र गेलाच म्हणून समजा."

यू म्हणजे ताई, कांग म्हणजे दादा. वस्तीतले लहानथोर त्याला तसेच हाक मारीत. पण हाकेच्या पुढे संभाषण सरकले असे क्वचितच घडे. जावा बेटावरच्या सलातिगा गावाच्या चढावर, मेर्बाबू डोंगराकडून येणाऱ्या गार वाऱ्याला तोंड करून, नमाजघराच्या मागच्या भिंतीपासून एका बोळाच्या अंतरावर त्याचे घर उभे होते. पुढच्या खोलीत दुकान. पाठ उघडी टाकलेले टीव्ही, आतडी बाहेर आलेले रेडिओ, आणि या सगळ्यावर वितळलेल्या राळेचा वास. गिऱ्हाईक उंबऱ्यावर येऊन "बंद पडलाय" म्हणे. वार्तोयो मान हलवी आणि वस्तू कुठे ठेवायची तो कोपरा बोटाने दाखवी. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती चालू झालेली असे, आणि तिच्याबरोबर एक कागदाची पुडी मिळे. पुडीत तिच्यातला मेलेला भाग: फुगलेला कंडेन्सर, काळा पडलेला रेझिस्टर, कधी नुसता तडकलेला तारेचा तुकडा. काय गेले होते ते ज्याचे त्याने डोळ्यांनी पाहावे. वर एक अक्षर लिहिलेले नसे. वस्तीत अशा पुड्या कपाटांच्या खणांतून, पिठाच्या डब्यांमागे जपून ठेवलेल्या सापडत. कोणी फेकीत नसत. का, ते कोणाला सांगता आले नसते.

बिघाड शोधण्याची त्याची रीत संथ होती. आधी तो वस्तूचा वास घेई. मग चालू करून डोळे मिटून ऐके. मग मांस भाजायच्या बांबूच्या काडीने एकेका भागावर हलकेच टिचकी मारी. कुठे खरखर उठते, कुठे आवाज दचकतो, हे पाही. मीटरचा काटा लावायची वेळ सर्वांत शेवटी येई, आणि तेव्हाही तो एक नियम पाळी. बोर्डावर बसलेला भाग आजूबाजूच्यांच्या आडोशाने खोटे माप देतो. खरे हवे असेल तर त्याचा एक पाय डाखातून सोडवायचा, त्याला एकटा करायचा आणि मग मोजायचे. बाजारातले कारागीर इतका वेळ घालवीत नसत. संशय आला की भाग बदलून मोकळे होत. वार्तोयोने धडधाकट भागाला आजवर एकदाही मेलेला म्हटले नव्हते.

त्याची बायको मुर्नी लेकीच्या बाळंतपणाला दूर बेकासी शहरात गेली होती ती तिकडेच राहिली. भांडण असे काही झाले नव्हते. नातू रांगू लागला, चालू लागला, शाळेत जाऊ लागला. दर वेळी परतायचे पुढे ढकलले गेले आणि पुढे ती गोष्ट कोणी काढेनासे झाले. अधूनमधून तुमिनाहच्या टपरीवर तिचा फोन येई. तुमिनाह रस्त्यापलीकडून ओरडे, "कांग, बेकासी!" तो हात पुसत जाई, रिसीव्हर कानाला लावी, आणि टपरीवरच्या माणसांना त्याच्या बाजूने एवढेच ऐकू येई: "हं. हं. बरं."

"बायकोशी बोलताय की माइक तपासताय?" तुमिनाह विचारी.

तो रिसीव्हर जागेवर ठेवून रस्ता ओलांडे.

त्याच्याकडे बिनकामाचा येणारा माणूस एकच होता, म्हातारा कासान. वस्ती त्याला म्बाह, म्हणजे आजोबा म्हणे. नमाजघरात पाचही वेळची बांग तोच देई. कधीपासून देतो हे आठवणारी माणसे आता त्याच्याच वयाची होती. तिसऱ्या प्रहरची नमाज आटोपली की म्हातारा मागच्या बोळातून येई, उपड्या घातलेल्या टीव्हीच्या खोक्यावर बसे आणि खडीसाखर घातलेला, जाईच्या वासाचा चहा घुटके घुटके पीत राही. तो कोंबड्याबद्दल बोले, उरलेल्या दातांबद्दल बोले, लवंगेच्या झाडांना कीड लागली त्याबद्दल बोले. त्याला उत्तरे लागत नसत आणि वार्तोयोला प्रश्न लागत नसत, म्हणून दोघांचे जमे.

"अरे वार्तो, तू हं तरी म्हणत जा मधूनमधून. मला वाटतं रेडिओच ऐकतोय माझं."

"हं."

"आता कसं!"

दिवसभरात त्या खोलीत उमटणारा माणसाचा आवाज बहुतेक तेवढाच.

त्या साली उन्हाळ्यात नमाजघराच्या कर्ण्याबद्दल कुरबूर सुरू झाली. पहाटेची बांग मधेच तुटे. लांबवायच्या ओळीवर आवाज चढत जाई आणि एकदम नाहीसा होई; क्षणभराने पुन्हा येई, जणू काही झालेच नाही. कोणी म्हणे तार ढिली असेल. कोणी म्हणे यंत्राचे वय झाले. काही जण यंत्राचे नाव घेत आणि नजर म्हाताऱ्याकडे वळवीत. नमाजघराचा कारभार पाहणारे हाजी दार्सोनो एका सकाळी अँप्लिफायर कापडात गुंडाळून स्वतः वार्तोयोच्या दुकानात घेऊन आले.

वार्तोयोने वास घेतला. जळल्याचा वास नव्हता. टेपरेकॉर्डर जोडून गाणे सोडले, ते स्वच्छ आले. काडीने टिचक्या मारल्या, हेअर ड्रायरने भाग तापवले, बर्फाचा खडा फडक्यात धरून गार केले. संशयितांचे पाय सोडवून एकेकाला मोजले. कुणातही काही निघाले नाही. मग त्याने नमाजघरात जाऊन माइक पाहिला, भिंतीतून कर्ण्याकडे जाणारी तार उंदरांनी कुरतडली आहे का म्हणून बोटांनी चाचपत नेली. तीही धड होती. दुसऱ्या संध्याकाळी त्याने यंत्र परत नेऊन बसवले.

"पुडी?" हाजींनी हात पुढे केला.

"नाही."

"नाही म्हणजे?"

"काही गेलं नव्हतं."

पुढच्या पहाटे तो अंथरुणात पडून ऐकत होता. कर्णा त्याच्या मागच्या खिडकीसमोरच्या खांबावर होता, त्यामुळे बांग त्याच्या घरात शिरूनच मग वस्तीत पसरे. म्हाताऱ्याचा आवाज वर गेला, ताणला गेला, आणि गेला. वार्तोयोने श्वास धरला. त्या रिकाम्या जागेत, कर्ण्यातूनच, काहीतरी आले: चुक, चुक, चुक. नमाजघराच्या भिंतीवरची पाल. मग पुन्हा म्हाताऱ्याचा आवाज.

तो उठून बसला. यंत्र बंद पडले असते तर पालही गप्प झाली असती. माइक जागा होता, तार जागी होती, कर्णा जागा होता. पाल संपूर्ण वस्तीला ऐकू गेली होती, फक्त कोणी तिच्याकडे कान दिला नव्हता.

खात्री करून घेतल्याशिवाय त्याला राहवेना. नंतरच्या पहाटे तो मागच्या बोळातून नमाजघराच्या दारापाशी जाऊन उभा राहिला. आत एकच दिवा होता. म्हातारा कानावर हात ठेवून बांग देत होता. लांब ओळीच्या मध्यावर त्याची छाती थांबली. आणि त्याच क्षणी त्याने मान वळवून तोंड भिंतीकडे केले. सवयीच्या, सफाईदार हालचालीने. भिंतीकडे तोंड करून तो धापा टाकत राहिला, खांदे वरखाली होत राहिले, दुसऱ्या हाताने त्याने खांब धरला. मग मान पुन्हा माइककडे वळली आणि ओळ जिथे सुटली होती तिथून त्याने ती उचलली. वार्तोयो आल्या पावली परत फिरला.

म्हातारा नुसता थकला नव्हता. थकल्याचे त्याला ठाऊक होते, आणि तो दोष यंत्रावर ढकलत होता.

त्याच दिवशी दुपारी हाजी दार्सोनो पुन्हा आले. बसले नाहीत. शेल्फावरच्या रेडिओंकडे पाहत, जावा मुलुखात अवघड गोष्टी जशा बोलतात तशा, दुसऱ्याच कशाबद्दल तरी बोलल्यासारखे बोलू लागले.

"कांग वार्तो, उपवासाचा महिना तोंडावर आलाय. त्या महिन्यात पहाटेची बांग अशी तुटून कशी चालेल?"

"हं."

"म्बाह कासानना कोण काय बोलणार? जन्मलो तेव्हा आमच्या सगळ्यांच्या कानात पहिली अजान त्यांनीच सांगितली. माझ्याही. तोंडावर कुणी सांगणार नाही, मी तर नाहीच. आता असं बघा. नवीन यंत्र आलं, की नवीन यंत्रावर माझा पुतण्या बांग देईल. मदरशात शिकून आलाय, गळा आहे. म्बाहना म्हणायचं, हे नवं अवघड आहे, पोरांना जमतं, तुम्ही आराम करा. कुणाचं मन दुखायला नको."

"मग आणा नवीन."

"तसं आणता आलं असतं तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?" हाजी हसले. "हे दान दिलेलं यंत्र आहे. कापडवाल्यांच्या विधवेनं नवऱ्याच्या नावानं दिलंय. दुरुस्त होण्यासारखं असताना दानाची वस्तू बाजूला टाकता येत नाही. ती गेली, असं कुणीतरी जाणत्यानं म्हटलं पाहिजे. तुम्ही एक पुडी बांधून द्या. एवढंच. तुमच्या पुडीवर कोण शंका घेणार?"

वार्तोयोने उत्तर दिले नाही. हाजींना त्याची सवय होती. न दिलेल्या उत्तराला होकार धरून ते निघून गेले.

वार्तोयो बाकाशी बसून राहिला. यंत्र वाईट आहे म्हटले तर म्हातारा जात होता. यंत्र चांगले आहे म्हटले, तर मग बिघाड कोणात हे वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही कळले असते, आणि म्हातारा तरीही जात होता. पहिल्या वाटेने निदान अब्रू राखून. हाजी वाईट माणूस नव्हता. त्याने सर्वांत कमी दुखणारी वाट शोधली होती. फक्त तिच्यावर वार्तोयोला आपल्या हाताने एक खोटी पुडी ठेवायची होती, आणि तिच्या पलीकडे एक माणूस होता ज्याच्याजवळ दिवसातून पाच वेळा करायला दुसरे काहीच नव्हते.

तिसऱ्या प्रहरी म्हातारा आला, खोक्यावर बसला. चहाचा पेला दोन्ही हातांत धरून बराच वेळ फुंकत राहिला. मग सहज विचारल्यासारखे म्हणाला, "मग? सापडलं काय ते?"

वार्तोयो काडीने बाकावरची राळ खरवडत राहिला.

"तुझं पण वय झालं बाबा. पूर्वी दुसऱ्या दिवशी पुडी हातात यायची. अरे, काहीतरी असेलच की. एखादा कंडेन्सर. तुझा खण भरलाय मेलेल्यांनी. त्यातला एक बांध. कोणता कुणाच्या पोटातला, कोण बघतंय? लोकांना सांग, हा गेला होता, बदलला, पण जुनं यंत्र आहे, पुन्हा जाऊ शकतो. तेवढं म्हण. म्हणजे लोक मला... म्हणजे यंत्राला सांभाळून घेतील."

वार्तोयोच्या हातात बांबूची काडी होती. ती त्याने बाकावर ठेवली. आयुष्यभर तो जे सापडेल ते पुडीत बांधून समोरच्याच्या हातात देत आला होता. दुसरे काही करायला त्याला येत नव्हते.

"मधे आवाज जातो," तो म्हणाला, "तेव्हा पाल ऐकू येते."

"पाल?"

"भिंतीवरची. कर्ण्यातून."

म्हाताऱ्याने पेला ओठांपर्यंत नेला होता. तो तसाच खाली आला. बाहेर तुमिनाहच्या कढईत काहीतरी सोडल्याचा चर्र आवाज आला आणि विरला. म्हाताऱ्याने रेडिओंकडे पाहिले, दाराकडे पाहिले, वार्तोयोकडे पाहिले नाही.

"पाल," तो पुन्हा म्हणाला. मग गुडघ्यावर हात टेकून उठला. "कोंबडीला दाणे टाकायचे राहिलेत."

पेल्यात अर्धा चहा राहिला होता. वार्तोयोने तो दिवे लागेपर्यंत उचलला नाही.

संध्याकाळची नमाज झाल्यावर तो नमाजघरात गेला, कोणाला काही न विचारता अँप्लिफायर सोडवला आणि काखेत मारून घरी आणला. झाकण उघडले. राळेचा धूर उठला. एकेका कंडेन्सरचा, एकेका रेझिस्टरचा एक एक पाय त्याने डाखातून सोडवला, इतका की अख्खा बोर्ड एका पायावर उभ्या बगळ्यांच्या थव्यासारखा दिसू लागला. मग त्यावर कापड टाकले.

"वेळ लागेल," त्याने हाजींना सांगितले.

यंत्र दुरुस्तीला आहे तोवर ते गेलेले नाही. गेलेले नाही तोवर नवीन येणार नाही. आणि नवीन येत नाही तोवर कालिदुरेनच्या नमाजघरात, कर्णे येण्याच्या आधी देत असत तशी, नुसत्या तोंडाने बांग होणार. नमाजघरातला मोठा ढोल वाजवायचा, दारात उभे राहायचे आणि जवळच्या चार घरांपुरता आवाज काढायचा. चार घरांसाठी ओळ लांबवावी लागत नाही. मधे थांबले तरी चालते.

वस्तीत गंमत उडाली. दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ गेली, आठवडा गेला, दुसरा गेला.

"कांग वार्तोला यंत्रानं हरवलं!"

"बोलायला शिकवत असतील त्याला. म्हणून वेळ लागतोय."

"आधी स्वतः शिकू देत!"

तुमिनाह हसण्यात सामील होई, पण तिला खरी काळजी लागली होती. "माझे तेंपे उशिरा तळायला पडतात, कांग. बांग ऐकूच येत नाही माझ्यापर्यंत. काय चाललंय तुमचं?" हळूहळू रेडिओ घेऊन येणारी माणसे त्याच्या दारावरून पुढे, बाजारातल्या नव्या दुकानाकडे जाऊ लागली. कोणी मुद्दाम टाळले असे नव्हे. ज्याला एक साधा अँप्लिफायर उमगत नाही त्याच्याकडे आपली वस्तू तरी कोण टाकणार? कोपरा रिकामा झाला. तिथली फरशी वेगळ्या रंगाची आहे हे त्याला प्रथमच दिसले.

बेकासीचा फोन आला.

"तुमिनाह सांगत होती, तुमचे हात गेले म्हणून," मुर्नी म्हणाली. "खरं का?"

"नाही."

"मग डोळे? दाखवून घ्या डोळे. नाहीतर इकडे या थोडे दिवस. नातू विचारतो, आजोबा फोनवर हं का करतात म्हणून."

 पलीकडे कोणीतरी भांडी आपटत होते, टीव्ही चालू होता, पोराचा आवाज येत होता. भरलेल्या घराचा आवाज.

"येताय का?"

"एक काम उघडं पडलंय."

"तुमचं नेहमी एक काम उघडं असतं," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तोच असता तर बरे झाले असते.

म्हातारा कासान पुन्हा दुकानात आला नाही. मागच्या बोळातून जाणे त्याने सोडले. आता तो लांबच्या रस्त्याने, चढ चढून जाई. एकदा दोघे वळणावर समोरासमोर आले. म्हाताऱ्याने टोपी सारखी केली, "ऊन आहे," म्हणाला आणि पुढे गेला. आपण यंत्र का अडवून ठेवले हे त्याला कळले असेल का, याचा वार्तोयोने बराच विचार केला. कळले असेल, असेच त्याला वाटे. आणि म्हणूनच तो येत नसेल. ज्याने आपले झाकून ठेवले आहे त्याच्या समोर बसून चहा पिणे सोपे नसते. वार्तोयो तरीही तिसऱ्या प्रहरी दोन पेले भरी, आणि थोड्या वेळाने दोन्ही स्वतःच पिऊन टाकी. खोक्यावर काही ठेवीत नसे.

पहाटे मात्र तो मागची खिडकी उघडी ठेवून पडे. ढोल थांबला की म्हाताऱ्याचा आवाज येई. कर्ण्यातला नव्हे, त्याचा स्वतःचा, लहान, थोडा घोगरा, दारातून निघून भिंतीपाशी संपणारा. तुमिनाहच्या टपरीपर्यंत तो पोहोचत नव्हता. वार्तोयोच्या उशाशी जेमतेम येई. लांब ओळीच्या मध्यावर तो थांबे, दम घेई, पुन्हा सुरू होई, आणि आता तोंड लपवायचे कारण नसल्यामुळे तो दमसुद्धा ऐकू येई. वार्तोयो डोळे मिटून ऐके. कुठे काडीने टिचकी मारावी असे त्यात काही नव्हते.

उपवासाचा महिना अगदी जवळ आला तेव्हा हाजी दार्सोनो आले. या वेळी ते शेल्फाकडे न पाहता सरळ बाकाशी आले आणि कापड उचलले. खाली सगळा बोर्ड एका पायावर उभा होता, स्वच्छ, कुठे काळा डाग नाही, कुठे फुगीर काही नाही. हाजींना त्यातले कळत नव्हते; पण इतके दिवस चाललेल्या कामात एकही मेलेला भाग बाजूला पडलेला नाही, हे कोणालाही दिसले असते. रस्त्यापलीकडे तुमिनाहने झारा हातात तसाच धरून ठेवला.

"कांग," हाजी सावकाश म्हणाले, "लोक मला विचारतात, मी काय सांगू? वस्ती म्हणते तुमचा हात गेला. माझा विश्वास नाही. पण पुडीत काय बांधणार आहात ते तरी कळू दे. नक्की बिघडलंय काय यात?"

वार्तोयोने त्यांच्या हातातून कापड घेतले, बोर्डावर पुन्हा नीट पसरले, चारी कोपरे दाबून बसवले.

"काहीच बिघडलेलं नाही. म्हणून तर वेळ लागतोय."